सत्त्याऐंशी वायसर

चितेगावच्या पुढं पैठण रोड सोडून आत वळलं, की दीड किलोमीटरवर एक वस्ती लागते आणि वस्तीच्या टोकाला एका खोलीची शाळा. लागायची, असं म्हणायला पाहिजे आता. पाच वर्ग, एक खोली, एक मास्तर. पहिलीचं शेंबडं पोरगं आणि पाचवीची पोरगी एकाच सतरंजीवर. वरच्या कचेरीतल्या लोकांना याची भारी काळजी, की अशानं पोरं शिकणार कशी! बद्रीनाथ सरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण मास्तराला विचारतंय कोण?

"माझ्या शाळेत मधे भिंतच नाय," सर म्हणायचे. "पाचवीचं गणित तिसरीच्या कानात जाणार म्हणजे जाणारच. कोण अडवतंय?"

अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली. शहरात उस्मानपुऱ्यात घर. रोज मोटारसायकलवर येणं-जाणं. माणूस तापट, पण हातानं करून दाखवल्याशिवाय एक गोष्ट शिकवायचा नाही. कडुलिंबाची उंची काढायची तर पोरं सावली मोजायची दोरीनं. अर्धा-पाव शिकायचं तर साळूबाईच्या भाकरीचे तुकडे व्हायचे. साळूबाई म्हणजे शाळेची खिचडी शिजवणारी. ती ओरडायची, "सर, खायची वस्तू हाय ती, खडू नाय!" सर म्हणायचे, "मोजून झाली की खातेतच की!" आणि खरंच, मोजून झालेल्या भाकरीचा एक कण उरायचा नाही.

सरासरी त्यांनी चिंचोक्यांवर शिकवली. प्रत्येकानं घरून मूठभर चिंचोके आणायचे. कुणाचे तीस, कुणाचे नऊ. सगळ्यांचा एक ढीग करायचा आणि एकेक करत सारखे वाटायचे. जेवढे हातात आले ती सरासरी, उरले ती बाकी. खरं तर हा धडा पाचवीचा. पण सगळ्यांत आधी कळला तो तिसरीतल्या गजालाला. गजाला म्हणजे फाट्यावरच्या पंक्चरवाल्या अन्सारची पोरगी. दोन वेण्या, एक दात पडलेला, आणि प्रश्न विचारायला लागली की समोरच्याचा जीव नकोसा करून टाकणार.

शाळेची हजेरीसुद्धा हातानंच लागायची. एक लांब फळी होती, तिच्यात सायकलच्या तारा उभ्या ठोकलेल्या. तारा अन्सारनं दिलेल्या. प्रत्येक पोराची एक तार, खाली नावाची चिठ्ठी. सकाळी आलं की आपल्या तारेत एक वायसर घालायचा. लोखंडाची चपटी चकती, मधे भोक. चितेगावच्या एका वर्कशॉपात कामाला असलेल्या एका पालकानं असले बाद झालेले वायसर डबाभर आणून दिले होते. आलं तर घालायचा, नाही आलं तर नाही. कुणाची तार कशी वाढते ते पहिलीच्या पोरालाही दिसायचं.

"हजेरीपट कपाटात असतो," सर पोरांना सांगायचे, "पण ही तार उघड्यावर असते. हिला खोटं बोलता येत नाय."

आणि हे सांगणारा माणूस कपाटातल्या हजेरीपटात जुलैपासून खोटं लिहीत होता.

त्याचं असं झालं. शाळेचा पट अकरा. त्यातली तीन एकाच घरातली, कृष्णा, श्रेया आणि गोकुळ. त्यांचा बाप बन्सी जुलैत बायको-पोरांसकट सोयगावकडं एका शेतावर सालानं राहिला. दाखले नेले नाहीत, त्यामुळं नावं पटावर तशीच. पोरं उरली आठ. आणि वरून पत्र आलेलं, की दहाच्या आत पट असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या. जवळची मोठी शाळा पैठण रोडच्या पलीकडं.

सर एका रविवारी शंभर किलोमीटर गाडी हाकत सोयगावला गेले. बन्सीच्या हातापाया पडायचेच बाकी राहिले. बन्सी म्हणाला, "होळीपर्यंत येतो सर, कापूस उरकला की येतो." बस, त्या एका शब्दावर सरांनी रोज तीन नावांपुढं हजर मांडायला सुरुवात केली. येणारच आहेत की, सात-आठ महिन्यांचा तर प्रश्न. असं माणूस स्वतःला समजावतो, आणि एकदा समजावलं की दुसऱ्या दिवशी पेन आपोआप चालतं.

हे त्यांनी नोकरीसाठी केलं नाही, एवढं मात्र खरं. मास्तराला कुठंही खुर्ची मिळते. भीती होती ती गजालाची. अन्सार पहिल्याच दिवशी बोलून चुकला होता, "सर, पाचवीपर्यंत तुमच्याकडं शिकू द्या, पन रोडच्या पलीकडं मी लेकीला नाय पाठवणार. देखो, माझं दुकान फाट्यावर हाय. तिथं काय काय होतं ते मी रोज बघतो. कितीदा तर मीच उचललंय लोकांना." सरांनी हिशेब केला होता, की पोरगी पाचवीपर्यंत दोन वर्षं इथं राहिली तर तेवढ्यात बापाचं मन वळवता येईल. म्हणून शाळा टिकवायची. काहीही करून.

डिसेंबरच्या मधे एक दिवस शाळा सुटायच्या वेळेला केंद्रप्रमुख सर्जेरावांचा फोन आला. "बद्रीनाथ, उद्या पडताळणी हाय तुझ्याकडं. विस्तार अधिकारी मोनिका मॅडम. नव्या हायेत, पण बाई चांगली. पोरं दोन दिवस गावाला गेलीत म्हन, हजेरी नियमित दिसली की ती धरून घेईल. फक्त कागद नीट ठेव."

कागद नीटच होता. सरांनी फोन ठेवला, मान वळवली आणि समोर फळी दिसली. आठ तारा वितभर चढलेल्या आणि तीन तारा बोटभर उंचीवर जुलैपासून अडकून पडलेल्या. खोलीत पाऊल टाकताच पहिल्यांदा नजरेत भरायचं ते तेच.

फळी उचलून साळूबाईच्या सरपणात टाकली असती तर काम झालं असतं. पण तीच तर त्या शाळेची शान होती. सर्जेरावांनी मॅडमना आधीच सांगून ठेवलेलं, की असली हजेरी तालुक्यात कुठं बघायला मिळायची नाही. सरांनी डबा उघडला. डब्यात पाच-सहा वायसर. तेवढ्यात दप्तर पाठीला लावून गजाला दारात उभी. सगळ्यात शेवटी तीच निघायची.

सर तिच्याकडं न बघताच म्हणाले, "गजाला, उद्या मॅडम येणार हायेत. या तिघांच्या तारा अशा बुटक्या दिसायला नकोत. बघ काय करता येतं ते."

"पन सर, ते तर आलेच नाय."

"येणार हायेत. होळीला. तू कर म्हनलं ना!"

सरांचा आवाज चढला तशी ती आत आली. दप्तर खाली ठेवलं आणि फळीपुढं मांडी घालून बसली. सर ऑफिसचे कागद लावायला व्हरांड्यात गेले. तासाभरानं ती "झालं सर" म्हणून पळाली, तेव्हा अंधारून आलं होतं. त्यांनी खोलीला कुलूप घातलं. बघितलं नाही. खरं सांगायचं तर बघायची लाज वाटली त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून नुसती धावपळ. अंगण झाडा, रांगोळी काढा, पोरांची नाकं पुसा. गडबडीत त्या दिवशीची हजेरीसुद्धा तारेत लागायची राहिली. जीप येऊन थांबली, मोनिका मॅडम उतरल्या. तिशीतली बाई, पायात साध्या चपला, बोलणं गोड. पोरांशेजारी सतरंजीवर बसली, पहिलीच्या पोराकडून चिंचोके मोजून घेतले, साळूबाईच्या खिचडीचा घास घेऊन "वा" म्हणाली. सरांच्या जिवात जीव आला. तिघं पोरं गावाला गेलीत म्हटल्यावर तिनं मानसुद्धा हलवली.

मग ती फळीपुढं जाऊन उभी राहिली, आणि सरांनी पहिल्यांदा फळीकडं बघितलं. अकराच्या अकरा तारा एका उंचीवर. वरून पट्टी ठेवली असती तर हलली नसती.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. "पण सगळ्यांची हजेरी अगदी सारखी कशी काय?"

गजाला टुणकन उठली. "मी केली मॅडम!"

"तू केली म्हणजे?"

"तिघांच्या तारा बुटक्या होत्या. आन् डब्यात वायसर पुरेसे नव्हते. मग मी सगळ्यांचे काढले आन् ढीग केला. चिंचोक्यांसारखा." तिनं हातानं ढीग दाखवला. "नऊशे साठ भरले. मग अकरा तारांत एकेक करून वाटले. प्रत्येकी सत्त्याऐंशी आले. बाकी तीन. ते डब्यात टाकले, हे बघा." आणि पोरीनं डबा पुढं केला.

आता बघा, इथं सरांना थांबवता आलं असतं. "गजाला, खाली बस" एवढं म्हटलं असतं तरी पोरगी बसली असती. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा शब्द एका पोरानं खाली पडू दिला नव्हता. पण सर बोललेच नाहीत. तिसरीतली पोरगी पाहुण्यांसमोर ताठ उभी राहून नऊशे साठ भागिले अकरा हातांनी करून दाखवतेय, बाकीसकट, आणि एक आकडा चुकत नाही! असं पोर आयुष्यात एकदा भेटतं मास्तराला. तेवढ्या घटकाभर ते भीती विसरले, पट विसरले, नुसते ऐकत राहिले. तो खरेपणा होता की मास्तराची हौस, हे त्यांचं त्यांनाही पुढं कधी कळलं नाही.

मॅडमनाही राहवलं नाही. कौतुकानंच विचारलं त्यांनी, "आणि वाटायच्या आधी कुणाचे किती होते, ते आठवतं का?"

"आठवायचं कशाला? लिहून ठेवलंय की!" गजालानं वही काढली. मोडण्याआधी लिहून ठेवायचं, हा सरांचाच नियम. ती वाचायला लागली, "राजनंदिनी एकशे अठरा. माझे एकशे वीस, मी एक दिस पन नाय चुकवला. माझे तेहतीस गेले यांना द्यायला, पन असू दे..." तिनं पान उलटलं. "कृष्णा चोवीस. श्रेया चोवीस. गोकुळ चोवीस."

व्हरांड्यात साळूबाईच्या हातातला डाव थांबला.

मॅडमनी टेबलावरचा हजेरीपट ओढला. कृष्णा, एकशे नऊ. श्रेया, एकशे अकरा. गोकुळ, एकशे सात. त्यांनी वहीकडं बघितलं, हजेरीपटाकडं बघितलं, मग सरांकडं. बाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली आणि तिनं पेनाचं टोपण काढलं.

"सर, आता मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

"आहे ते लिहा मॅडम," बद्रीनाथ सर म्हणाले.

जाताना मॅडमनी गजालाच्या डोक्यावरून हात फिरवला. "फार हुशार पोरगी आहे, सर. हिला खूप शिकवा," म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या. धूळ खाली बसली तशी गजाला सरांपाशी आली.

"सर, माझं बरोबर व्हतं ना?"

"बरोबर होतं," सर म्हणाले. "एकदम बरोबर होतं." आणि नळावर तोंड धुवायला निघून गेले. साळूबाईनं बघितलं, की नळ सुरू करायचा त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

पुढचं सगळं कागदानं झालं, आणि कागदाला एरवी महिने लागतात, तो या कामाला पळत आला. जानेवारीच्या शेवटी शाळा बंद. पोरं रोडपलीकडच्या शाळेत. साळूबाईचं काम गेलं. सरांना नोटीस आली. त्यांनी खुलासा दिला, "हजेरी मी मांडली, दोष माझा." तर त्यांना तडकाफडकी टाकलं सोयगाव तालुक्यातल्या एका शाळेवर. तिथं पोचल्यावर त्यांनी आधी बन्सीचं शेत गाठलं. बन्सी पोरं घेऊन केव्हाच निघून गेलेला. कुठं गेला, शेताच्या मालकालाही माहीत नव्हतं.

पण जाण्याआधी सर अन्सारच्या दुकानावर जाऊन बसले होते. एक दिवस नाही, तीन दिवस. सात पोरांच्या पालकांनी मिळून ऑटो ठरवला होता. आठवी जागा गजालासाठी ठेवली होती.

"अन्सारभाई, चालत नाय जायचं तिला. ऑटो हाय."

अन्सार हातातली ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. "सर, त्याच ऑटोचं चाक मी चारदा खोललंय. टायर बघितलंय का तुम्ही? नुसता कपडा राहिलाय. त्याला म्हनलं बदल, तर हसतो. बाकीच्यांनाबी सांगितलं, कुनी ऐकत नाय. त्याच्यात आठ पोरं कोंबून तो रोड पार करनार. मी माझ्या हातानं लेकीला त्याच्यात बसवू? जानबूझके?"

"मग तुम्ही सोडा तिला."

"आन् दुकान? सकाळी शिफ्टचा टायम, तेव्हाच तर धंदा."

आतून अन्सारची बायको हसीना बोलली, "सर, तुम्ही समजवा ना यांना. पोरगी रात्रंदिवस रडते."

सर काय समजावणार? माणूस खोटं बोलत असता तर भांडता आलं असतं. अन्सार जे हाताला लागलं तेच सांगत होता, आणि सरांनी जन्मभर तेच तर शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी ते उठले. शाळेची फळी कुठल्याच यादीत नव्हती, ती त्यांनी गजालाला देऊन टाकली.

मार्चच्या पहिल्या रविवारी सर सोयगावहून घरी आलेले. गाडी आपोआपच पैठण रोडला लागली म्हणा ना. फाट्यावर अन्सारचं दुकान उघडं. अन्सार ट्रकच्या चाकाखाली. मागं पत्र्याच्या सावलीत गजाला बसलेली, पुढं ती फळी.

"सर!" ती ओरडली आणि मग एकदम लाजली. पडलेल्या दाताच्या जागी नवा दात आला होता. "बसा ना. हे बघा, मी पयले सगळ्यांचे वायसर परत जसेच्या तसे केले. वहीतून बघून."

"आन् हे काय?" सरांनी विचारलं. जुन्या तारांपुढं तिनं दुसऱ्या आठ तारा ठोकल्या होत्या. सातांत वायसर होते. अन्सारकडचे, नट-बोल्टचे, लहानमोठे.

"ही नव्या शाळेची हजेरी. संध्याकाळी ऑटो इथं थांबतो, हवा भरायला. तेव्हा मी विचारते, आज कोन कोन गेलं? मग घालते. राजनंदिनीचे चोवीस झाले. बाकीच्यांचेबी लिहिलेत."

आठवी तार मोकळी होती. खाली चिठ्ठी होती, गजाला.

सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली. ते का रडतात हे तिला कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांना बरं वाटावं म्हणून असेल, ती घाईघाईनं म्हणाली,

"सर, मी एक करून बघितलं. या सातांचे मिळून एकशे साठ होतेत. ढीग करून आठांत वाटले ना, तर प्रत्येकी वीस येतेत. माझ्या तारेतबी वीस! करू का?"

रोडवरून कंपनीची बस गेली. अन्सारनं चाकाखालून मान बाहेर काढून बघितलं आणि परत आत घातली.

"तसं नाय करायचं, बेटा," सर म्हणाले.

"का? बाकी पन काहीच राहत नाय, सर. तुम्ही मोजून बघा."

त्यांना माहीत होतं, की मोजायची गरज नाही, तिचं कधी चुकत नाही. तरी ते तिच्यापुढं जमिनीवर बसले, सातही तारांतले वायसर एकेक करून काढले आणि मोजायला लागले. एकशे साठच होते.